दृष्टीआडची सृष्टी : डोके व मान यांतील मृदू ऊतींच्या अर्बुदांच्या प्रतिमाचित्रणाचा इतिहास

प्रस्तावना

मानवी शरीरात डोके आणि मान यांच्याइतकी दाटी क्वचितच अन्यत्र आढळते. श्वास, आवाज, गिळणे, चव, दृष्टी, श्रवण आणि चेहऱ्यावरील भाव या सर्वांची यंत्रणा येथे अगदी थोड्या जागेत बसलेली आहे. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या, चेहरा हलविणारे मज्जातंतू, लाला निर्माण करणाऱ्या ग्रंथी, स्वरयंत्र आणि या सर्वांमधून जाणारे स्नायू व मेद यांचे थर एकमेकांना खेटून असतात. अशा ठिकाणी एखादे अर्बुद निर्माण झाले की वैद्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. ते कशाचे आहे, हा पहिला. आणि ते कोठवर गेले आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे अंतिम उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र शरीर उघडण्यापूर्वीच मिळवावे लागते, कारण शस्त्र कोठे चालवावे आणि कोठे थांबवावे हे त्यावर ठरते. येथे थोडे अधिक कापले तर रुग्णाची वाचा किंवा चेहरा जातो. थोडे कमी कापले तर प्राण जातो.

विकृतिशास्त्राच्या काटेकोर परिभाषेत ‘मृदू ऊतींची अर्बुदे’ ही संज्ञा स्नायू, मेद, तंतुमय ऊती, रक्तवाहिन्या व मज्जातंतूंची आवरणे यांतून उद्भवणाऱ्या गाठींपुरती मर्यादित आहे. प्रस्तुत लेखात ती व्यापक अर्थाने घेतली आहे. तोंड व घसा यांच्या अंतःत्वचेतून निघणारे कर्करोग आणि लालाग्रंथींची अर्बुदे याच मृदू थरांत शिरतात, आणि त्यांना पाहण्याची साधनेही तीच आहेत.

या साधनांचा इतिहास बहुधा यंत्रांच्या शोधांची मालिका म्हणून सांगितला जातो. एका यंत्राने दुसऱ्याची जागा घेतली आणि अखेरीस सर्व काही दिसू लागले, असा त्याचा सूर असतो. प्रत्यक्षात हा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. पृष्ठभागाखाली अर्बुद किती खोल गेले आहे, हा तो प्रश्न होय. प्रत्येक नव्या प्रतिमेने या प्रश्नाचे थोडे अधिक उत्तर दिले आणि त्या प्रमाणात शस्त्रक्रियेचे स्वरूप पालटले. जेथे प्रतिमा संपली तेथे निर्णयाचा भार पुन्हा माणसावर येऊन पडला. या दोन्ही गोष्टींचा मागोवा घेणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

हात, आरसा आणि एका सम्राटाचा घसा

मराठी वैद्यकीय परिभाषेतील ‘अर्बुद’ हा शब्द संस्कृतातून आला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा एकत्र विचार केलेला आढळतो. गोल आकार, स्थिरता, मंद वेदना, मोठेपणा, सावकाश होणारी वाढ, न पिकणे आणि खोल मूळ ही तेथे अर्बुदाची लक्षणे सांगितली आहेत. यांतील बहुतेक लक्षणे डोळ्यांना दिसणारी, बोटांना जाणवणारी किंवा काळाच्या ओघात कळणारी आहेत. खोल मुळाचे लक्षण मात्र अनुमानाचे आहे. गाठ बोटांखाली हलत नाही, त्या अर्थी ती आत रुजलेली असावी, असे ते अनुमान होय. आजही मानेची तपासणी याच अनुमानापासून सुरू होते.

घशाच्या आत बोट पोहोचत नव्हते. तेथे दृष्टी पोहोचविण्याचे श्रेय एका गायन-शिक्षकाकडे जाते. मूळचे स्पॅनिश असलेले मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दंतवैद्याच्या छोट्या आरशाच्या आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचेच स्वरयंत्र पाहिले आणि १८५५ मध्ये आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. काही वर्षांतच हा आरसा युरोपातील वैद्यांच्या हाती आला आणि स्वरयंत्राची तपासणी हे वैद्यकाचे एक स्वतंत्र अंग बनले.

या आरशाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा एकाच रुग्णात उघड झाली. जानेवारी १८८७ मध्ये जर्मनीचे युवराज फ्रीड्रिख यांचा आवाज बसला. मे महिन्यात शल्यविशारद एर्न्स्ट फॉन बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाचा संशय घेऊन बाहेरून स्वरयंत्र उघडण्याची तयारी केली. त्याच वेळी लंडनहून बोलाविलेले घशाचे तज्ज्ञ मॉरेल मॅकेंझी यांनी, ऊतीचा तुकडा तपासल्याविना शस्त्रक्रिया करू नये, असा आग्रह धरला. त्यांनी चिमट्याने काढलेले तुकडे विकृतिशास्त्राचे अध्वर्यू रूडोल्फ व्हिर्खो यांनी तपासले. त्यांत कर्करोग आढळला नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली. काढलेल्या तुकड्यांवरून संपूर्ण विकाराविषयी खात्रीने सांगता येणार नाही, अशी सावध नोंद व्हिर्खो यांनी केली होती. परंतु ती आशेच्या वातावरणात मागे पडली. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी युवराजांची श्वासनलिका उघडावी लागली. मार्चमध्ये ते सम्राट झाले आणि अवघ्या ९९ दिवसांच्या राज्यकाळानंतर १५ जून १८८८ रोजी त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात स्वरयंत्राचा कर्करोग निश्चित झाला.

या प्रकरणावरून जर्मन आणि इंग्रज वैद्यांत जो कटू वाद झाला, त्यात दोष कोणाचा हाच मुद्दा प्रधान राहिला. इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की दोन्ही पक्ष एकाच आरशात पाहत होते. आरसा पृष्ठभाग दाखवीत होता आणि चिमटा पृष्ठभागाचाच तुकडा काढीत होता. त्याखाली काय आहे, हे जाणण्याचे साधन त्या वेळी कोणाकडेच नव्हते.

क्ष-किरण : हाडांचे दर्शन, मांसाचे अदर्शन

सम्राटाच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, वुर्ट्सबुर्ग येथे व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट होती. मांस मात्र फिकट सावलीसारखे उरले होते. या छायाचित्राने जगाला चकित केले. पुढील पाऊण शतकाची अडचणही त्यातच दिसत होती.

क्ष-किरण किती शोषले जातील हे पदार्थाची घनता आणि त्यातील अणूंचा अणुक्रमांक यांवर अवलंबून असते. हाडांतील कॅल्शियम व फॉस्फरस किरणांना अडवितात. स्नायू, ग्रंथी, रक्त आणि बहुतेक अर्बुदे यांत पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने किरणांच्या दृष्टीने ती जवळजवळ सारखीच ठरतात. त्यातच साध्या क्ष-किरण चित्रात शरीराच्या सर्व थरांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. कवटी, जबडा आणि मणके यांच्या दाट सावलीत मऊ गाठीची फिकी सावली बुडून जाते.

अशा स्थितीत वैद्यांनी आडमार्ग शोधला. श्वासनलिकेतील हवा चित्रात काळी दिसते. ती एका बाजूला सरकली असेल तर तिला ढकलणारे काहीतरी शेजारी असले पाहिजे. मणक्यांपुढील मऊ भाग रुंदावला असेल, जबड्याचे हाड झिजले असेल, तर त्यावरूनही तर्क करता येई. अर्बुद स्वतः दिसत नसे. त्याने सरकविलेले किंवा कुरतडलेले दिसे. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी डच वैद्य झीडसेस देस प्लांतेस आणि इतर संशोधकांनी किरणनळी व फिल्म एकाच वेळी विरुद्ध दिशांना हलवून एकच थर स्पष्ट ठेवण्याची पद्धत विकसित केली. स्वरयंत्राच्या तपासणीत ती पुढे दीर्घकाळ वापरली गेली. परंतु मऊ ऊतींतील भेद तिलाही नीट दाखविता आला नाही.

दिसत नसेल तर मोठे कापावे, हे त्या काळच्या शल्यचिकित्सेचे सूत्र होते आणि ते अविचाराचे नव्हते. अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये १३२ शस्त्रक्रियांच्या अनुभवावरून, मानेतील लसीका ग्रंथी भोवतालच्या ऊतींसह एकसंध काढण्याची पद्धत मांडली. न्यूयॉर्कचे हेज मार्टिन यांनी १९५१ मध्ये तिला प्रमाणित रूप दिले. तीत मान वळविणारा स्नायू, मानेतील मोठी नीला आणि खांदा उचलणाऱ्या स्नायूचा मज्जातंतू हे सर्व काढले जाई. त्यामुळे रुग्णाचा खांदा कायमचा उतरे आणि हात डोक्यापर्यंत नेणे कठीण होई. ज्या ग्रंथींत रोग आहे त्या निरोगी ग्रंथींपासून आधी वेगळ्या ओळखता येत नव्हत्या. त्या अज्ञानाची किंमत रुग्णाचा खांदा मोजत होता.

उसनी छाया

मऊ ऊती स्वतःची सावली देत नसतील, तर तिला ती उसनी द्यावी, ही कल्पना पुढील टप्प्याच्या मुळाशी आहे. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांतील द्रव काढून त्या जागी हवा भरली आणि क्ष-किरण चित्रात पोकळ्यांचा आकार पाहिला. पोकळी दबलेली वा सरकलेली असेल त्यावरून अर्बुदाची जागा कळे. ही तपासणी रुग्णाला अतिशय क्लेशदायक होती, तरीही अन्य उपाय नसल्याने ती अर्धशतकाहून अधिक काळ टिकली.

लिस्बन येथील एगास मोनीझ यांनी रक्तवाहिन्यांचा मार्ग धरला. त्यांच्या आरंभीच्या प्रयोगांत एका रुग्णाचा मृत्यू झाला. पुढे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमनीत सोडियम आयोडाइडचे द्रावण सोडून २८ जून १९२७ रोजी त्यांनी जिवंत रुग्णाच्या मेंदूतील धमन्यांचे पहिले यशस्वी चित्र मिळविले. मानेच्या अर्बुदांच्या निदानालाही या पद्धतीचा लाभ झाला. कॅरोटिड धमनी जेथे दुभंगते त्या बेचक्यात एक छोटा पिंड असतो. त्याचे अर्बुद वाढले की धमनीच्या दोन्ही शाखा वीणेच्या बाहूंसारख्या फाकतात आणि मधली गाठ रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्याने भरून दिसते. मानेतील मऊ ऊतीचे अर्बुद असे आपल्या स्वतःच्या रक्तपुरवठ्याने उजळून दिसू लागले. याच काळात लालाग्रंथींच्या नलिकांत आयोडीनयुक्त तेल सोडून त्यांची चित्रे घेण्याची पद्धतही रूढ झाली.

उसन्या छायेचे कर्ज काही रुग्णांना फार जड गेले. १९३० च्या सुमारास थोरियम डायऑक्साइडचे ‘थोरोट्रास्ट’ हे द्रावण प्रचारात आले. धमन्यांची चित्रे त्याने उत्कृष्ट येत आणि टोचताना रुग्णाला त्रास कमी होई. मात्र थोरियम किरणोत्सर्गी आहे आणि शरीर ते बाहेर टाकू शकत नाही. यकृत व प्लीहेत साठलेल्या थोरियममुळे अनेक रुग्णांना काही दशकांनंतर यकृताचे कर्करोग झाले. मानेत टोचताना द्रावण धमनीबाहेर झिरपले असेल तेथे कठीण गाठी तयार झाल्या. अर्बुद पाहण्यासाठी दिलेल्या द्रव्यानेच मानेत नवी गाठ निर्माण करावी, हा या इतिहासातील विदारक विरोधाभास आहे. पाहण्यालाही किंमत असते आणि ती कधी कधी फार उशिरा कळते, हा धडा त्यातून मिळाला.

आकड्यांतून साकारलेली प्रतिमा

सावल्यांच्या गर्दीतून बाहेर पडण्याचा मार्ग गणितातून निघाला. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले भौतिकीविज्ञ ॲलन कॉरमॅक यांनी १९६३ आणि १९६४ मध्ये, वेगवेगळ्या कोनांतून मोजलेल्या शोषणावरून आतील प्रत्येक बिंदूचे शोषण काढता येते, हे गणिताने दाखविले. त्यांच्या कार्याची माहिती नसताना इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतील अभियंते गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी हीच कल्पना यंत्रात उतरविली. त्यांच्या प्रयोगशाळेतील पहिल्या प्रतिमेसाठी मोजमापांना ९ दिवस लागले होते.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्लेज रुग्णालयात जेम्स ॲम्ब्रोज यांच्या देखरेखीखाली पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. मेंदूच्या पुढच्या भागात अर्बुद असल्याचा संशय असलेली ती एक महिला होती. प्रतिमा ८० × ८०, म्हणजे अवघ्या ६,४०० चित्रबिंदूंची होती. तरीही कवटीच्या आतील अर्बुद तीत प्रत्यक्ष दिसले. कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या शोधाचे मर्म प्रतिमेपेक्षा आकड्यात होते. सीटी स्कॅनमधील प्रत्येक बिंदूला एक संख्या असते. पाण्याची संख्या ०, हवेची −१०००, मेदाची सुमारे −१०० आणि स्नायूची साधारणतः ४० ते ६० मानली जाते. साध्या क्ष-किरण चित्रात सारखेच भासणारे मेद आणि स्नायू येथे स्पष्टपणे वेगळे झाले. मेदाच्या गाठीचे निदान तर केवळ या संख्येवरून होऊ लागले.

आरंभीच्या यंत्रात रुग्णाचे डोके पाण्याने वेढलेल्या चौकटीत बसवावे लागे आणि एकेका छेदाला काही मिनिटे लागत. डोके स्थिर ठेवता येते. मान तशी ठेवता येत नाही, कारण माणूस श्वास घेतो आणि गिळतो. म्हणून मेंदूच्या प्रतिमा आधी आल्या आणि मानेच्या मागाहून. रॉबर्ट लेडली यांनी १९७४ मध्ये संपूर्ण शरीरासाठी यंत्र तयार केले. १९८९ च्या सुमारास सर्पिल गतीने अखंड चित्रण करणारी यंत्रे वापरात आली आणि काही सेकंदांत संपूर्ण मानेचे चित्रण शक्य झाले.

यंत्राइतकेच महत्त्वाचे होते ते प्रतिमा वाचण्याचे शास्त्र. मानेतील स्नायू, वाहिन्या व ग्रंथी तंतुमय पडद्यांनी निरनिराळ्या अवकाशांत विभागलेल्या असतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतील हार्न्सबर्गर आदी तज्ज्ञांनी या अवकाशांच्या आधारे निदानाची पद्धत रूढ केली. घशाच्या बाजूला मेदाचा एक छोटा त्रिकोणी पट्टा असतो. कानाजवळच्या पॅरोटिड लालाग्रंथीच्या खोल भागातील अर्बुद त्याला आत ढकलते. चर्वणाच्या स्नायूंतील अर्बुद मागे ढकलते. कॅरोटिड धमनीलगतचे अर्बुद पुढे ढकलते. पूर्वी सरकलेल्या श्वासनलिकेवरून जो तर्क केला जाई, तोच आता मेदाच्या पट्ट्यावरून अधिक अचूकपणे करता येऊ लागला. साधन नवे होते. तर्काची रीत जुनीच होती.

प्रोटॉनांची साक्ष

मऊ ऊती पाण्याने भरलेल्या असतात, ही क्ष-किरणांची अडचण होती. चुंबकीय अनुस्पंदनाने त्याच पाण्याला साक्षीदार केले. फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे दाखविले की प्रबळ चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रे विशिष्ट रेडिओ तरंगांना प्रतिसाद देतात. १९७१ मध्ये रेमंड डॅमेडियन यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या अर्बुदांत हा प्रतिसाद निवळण्यास अधिक वेळ लागतो, असे प्रसिद्ध केले. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्राची तीव्रता ठिकाणानुसार बदलून पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची प्रतिमा मिळविली, आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी जलद प्रतिमांचे गणित व तंत्र विकसित केले. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डॅमेडियन यांना वगळल्याबद्दल त्या वेळी वृत्तपत्रांतील जाहिरातींद्वारे जाहीर निषेध झाला. निवळण्याच्या काळावरून कर्करोग थेट ओळखता येईल, ही आरंभीची आशा मात्र फलद्रूप झाली नाही. निरोगी आणि रोगग्रस्त ऊतींची मापे एकमेकांत मिसळतात, असे पुढे आढळले.

एमआरआयचे खरे देणे मऊ ऊतींतील सीमारेषा हे आहे. जिभेचे स्नायू आणि त्यांत शिरलेले अर्बुद यांतील फरक त्यात चांगला दिसतो. कवटीच्या तळाच्या छिद्रांतून मज्जातंतूंच्या वाटेने आत सरकणारा कर्करोग त्यात ओळखता येतो. दातांतील धातूमुळे सीटी स्कॅनच्या प्रतिमेत उमटणाऱ्या रेघांचा उपद्रवही येथे तुलनेने कमी असतो. १९८८ पासून गॅडोलिनियमयुक्त द्रव्यांचा वापर सुरू झाल्यावर या सीमारेषा आणखी ठळक झाल्या. कॅरोटिडलगतच्या रक्तवाहिनीप्रचुर अर्बुदात तर वाहत्या रक्ताचे काळे ठिपके आणि मधला उजळ भाग मिळून मीठ-मिरी विखुरल्यासारखे चित्र दिसते.

या शेवटच्या निरीक्षणाला मोठे व्यावहारिक मूल्य आहे. अशा गाठीचा तुकडा काढू गेल्यास गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मानेतील खोल गाठीत शस्त्र घालण्यापूर्वी प्रतिमा पाहावी, हा संकेत दृढ झाला. १८८७ मध्ये तुकड्याची तपासणी हाच एकमेव आधार होता. शंभर वर्षांनंतर तुकडा कोठून घ्यावा, आणि मुळात घ्यावा की नाही, हे प्रतिमेवरून ठरू लागले.

दहा मिलिमीटरांची सीमा

डोके व मान यांतील कर्करोगात रुग्णाचे भवितव्य मुख्यतः मानेतील लसीका ग्रंथींवर अवलंबून असते. या ग्रंथींत रोग पसरला आहे काय, हे ठरविण्यासाठी प्रतिमाशास्त्राला मोजपट्टी हवी होती. ॲम्स्टरडॅममधील फान देन ब्रेकेल आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ७१ शस्त्रक्रियांत काढलेल्या २,७१९ लसीका ग्रंथींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आडव्या छेदातील लहान व्यास १० मिलिमीटर, आणि जबड्याच्या कोनाखालील ग्रंथींसाठी ११ मिलिमीटर, ही सीमा त्यांना सर्वांत उपयुक्त आढळली. ग्रंथीच्या मध्यभागी ऊती मृत झाल्याची खूण हे आकाराइतकेच महत्त्वाचे लक्षण मानले गेले.

परंतु कोणत्याही एका सीमेला दोन्ही बाजूंनी छेद जातो. दातांच्या वा घशाच्या साध्या जंतुसंसर्गाने निरोगी ग्रंथीही मोठी होते. आणि ५ मिलिमीटरच्या ग्रंथीतही कर्करोगाच्या पेशींचा छोटासा पुंजका दडलेला असू शकतो. सोनोग्राफीच्या साहाय्याने नेमक्या ग्रंथीत सुई घालून पेशी तपासण्याच्या पद्धतीने पहिली अडचण बरीच कमी केली. दुसरी अडचण पुरती सुटली नाही. ग्लुकोजसदृश किरणोत्सर्गी रेणूच्या साहाय्याने पेशींची चयापचय क्रिया दाखविणारे पेट स्कॅन, आणि १९९८ मध्ये नमुनारूपाने तयार झालेले पेट-सीटीचे संयुक्त यंत्र, यांनी रचनेबरोबर क्रियेचेही दर्शन घडविले. मुंबईत पेट स्कॅनची सुविधा २००२ पासून उपलब्ध झाली. तरीही काही मिलिमीटरांपेक्षा लहान पुंजका पेटलाही चुकवितो.

प्रतिमा आणि शस्त्र : दोन चाचण्यांची साक्ष

ही मर्यादा व्यवहारात किती महत्त्वाची आहे, हे मुंबईतच सिद्ध झाले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचा मुखकर्करोगाशी आरंभापासून निकटचा संबंध आहे. तेथील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्येच मुंबईतील मुखकर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. तंबाखू आणि सुपारी यांच्या सेवनामुळे हा रोग महाराष्ट्रासह देशभर मोठ्या प्रमाणावर आढळतो.

मुखकर्करोग लहान आहे आणि मानेत गाठ लागत नाही, अशा रुग्णाची मान तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच उघडावी, की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा प्रश्न अनेक दशके अनिर्णित होता. टाटा स्मारक रुग्णालयात अनिल डिक्रूज आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात त्यावर यादृच्छिक चाचणी केली आणि ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आरंभीच मानेची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३ वर्षांनंतर ८०.० टक्के, तर थांबून पाहिलेल्या गटातील ६७.५ टक्के रुग्ण हयात होते. पाठपुराव्यात काहींची केवळ हाताने, तर काहींची सोनोग्राफीनेही तपासणी होत होती. बोटांना आणि प्रतिमेला जे दिसत नव्हते, ते अनेकांच्या मानेत आधीच होते. दिसत नाही म्हणून नाही, असे मानण्याची किंमत या आकड्यांतील अंतराने मोजून दिली.

पुढच्याच वर्षी ब्रिटनमधून उलट दिशेचा निष्कर्ष आला. तेथे किरणोपचार व औषधोपचार घेणाऱ्या, मानेत प्रगत रोग असलेल्या ५६४ रुग्णांची चाचणी झाली. एका गटात पूर्वीच्या रीतीप्रमाणे मानेची शस्त्रक्रिया नियोजित होती. दुसऱ्या गटात १२ आठवड्यांनी पेट-सीटी करून, रोग शिल्लक दिसला तरच शस्त्रक्रिया करण्यात आली. पहिल्या गटात २२१, तर दुसऱ्यात केवळ ५४ शस्त्रक्रिया झाल्या. २ वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ८१.५ आणि ८४.९ टक्के होते. येथे प्रतिमेवर विश्वास ठेवल्याने शेकडो माना शस्त्रापासून वाचल्या आणि प्राणांची हानी वाढली नाही.

या दोन चाचण्या परस्परविरोधी नाहीत. पहिलीत उपचारापूर्वीच्या अतिसूक्ष्म रोगाचा प्रश्न होता, दुसरीत उपचारानंतर उरलेल्या मोठ्या रोगाचा. प्रतिमेचे मोल यंत्राच्या नवेपणावर अवलंबून नसून तिला विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असते, हे दोन्ही मिळून दाखवितात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्करोगाच्या टप्प्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मुखकर्करोगासाठी रुंदीबरोबर खोलीचाही समावेश झाला आणि ५ व १० मिलिमीटर या तिच्या सीमा ठरल्या. सुश्रुतसंहितेत अनुमानाने सांगितलेले खोल मूळ असे अखेर मिलिमीटरांत नोंदले जाऊ लागले.

समारोप

गार्सिया यांच्या आरशापासून पेट-सीटीपर्यंतचा हा प्रवास पृष्ठभागाकडून खोलीकडे झाला. अर्बुद दिसत नव्हते तेव्हा शस्त्र मोठे होते. ते जसजसे दिसू लागले तसतसे स्नायू, नीला आणि मज्जातंतू राखणाऱ्या शस्त्रक्रियांना आधार मिळाला. प्रत्येक टप्प्यावर एक अदृश्य प्रदेश मात्र शिल्लक राहिला आणि त्याची जाणीव ज्यांनी ठेवली त्यांचेच निर्णय टिकले. व्हिर्खो यांची सावध नोंद आणि मुंबईच्या चाचणीचा निष्कर्ष यांत सव्वाशे वर्षांचे अंतर असले, तरी त्यांचा आशय एकच आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. एमआरआय आणि पेट-सीटी या सुविधा प्रामुख्याने मोठ्या शहरांत एकवटलेल्या आहेत. मुखकर्करोगाचा रुग्ण मात्र खेड्यातील शेतमजूर किंवा शहरातील हमालही असतो. तो या यंत्रांपर्यंत पोहोचतो तेव्हा मोजण्याजोगी खोली बहुधा फार झालेली असते. हा रोग प्रथम तोंडाच्या पृष्ठभागावर, पांढऱ्या वा लाल चट्ट्याच्या रूपाने प्रकट होतो आणि तो पाहण्यास प्रकाश व प्रशिक्षित डोळा पुरेसा असतो. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील चाचणीत आरोग्यसेवकांनी केलेल्या अशा साध्या पाहणीमुळे तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. खोलीचे चित्रण करणारी यंत्रे आवश्यकच आहेत आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचली पाहिजेत. त्याच वेळी जे मुळात दृष्टीआड नाही, ते वेळेवर पाहण्याची व्यवस्था गावपातळीवर उभी राहणे हेही तितकेच निकडीचे आहे.